मामाचा खुबा आणि चार ठोकळे

३ मार्च

पोचले एकदाची. आई फोनवर म्हणाली होती, मामाचा खुबा निखळला, परत बसवलाय, पण घरात माणूस हवं आणि अख्ख्या गोतावळ्यात मोकळी अशी तूच. ‘मोकळी’ असं म्हणाली, जसं काही मला गोवर झालाय. खरं तर मी मोकळी नव्हते, मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात कांदे सोलत होते. पण कांद्यांना माझ्यावाचून अडत नव्हतं.

मामा वेताच्या खुर्च्या विणतो. चाळीस वर्षं तेच. लोक भोक पडलेली खुर्ची आणून टाकतात, मामा जुना वेत कापून काढतो आणि नवी बैठक विणून देतो. गेल्या वर्षी उजवा खुबा पार झिजला म्हणून काढून धातूचा बसवला. जानेवारीत खाली पडलेली टोचणी उचलायला वाकला आणि तो नवा खुबाच जागेवरून निघाला. तेव्हापासून हा माणूस पलंगावर. शेजारीण डबा देते, झाडून जाते आणि जाताना उपदेश करते.

"किती दिवस आलीस, भिंगरे?" मामाचा पहिला प्रश्न.

"बघू."

"म्हणजे गुरुवारपर्यंत."

मागच्या खोलीत वेताच्या जुड्यांशेजारी माझी खाट लावली. जमीन उंचसखल, खाट डुगडुगते. कोपऱ्यात कामाचा पसारा नीट रचून ठेवला होता, त्यात चार लाकडी ठोकळे सापडले. चारी एका मापाचे, प्रत्येकाच्या मधोमध सुबक खळगा. खाटेचे पाय त्या खळग्यांत बसले, एका ठोकळ्याखाली पुठ्ठा सारला, बस्स. कुणीतरी माझ्यासाठीच कोरून ठेवले असावेत असं वाटलं. पिशवी खाली करून कपडे खुंट्यांना लावले. हे मी सहसा करत नाही.

५ मार्च

मामा आज काठी टेकत मागच्या खोलीत आला. उंबऱ्यात उभा राहून खाटेकडे बराच वेळ बघत होता.

"जमले का ठोकळे?"

"एकदम मापात."

"हं," म्हणाला आणि गेला.

दुपारी आपलं बुटकं स्टूल पुढच्या खोलीत ओढून कामाला बसला. सहा आठवडे झाले, डॉक्टरांची परवानगी आहे म्हणे. खाली बसायला खूप वेळ लागला त्याला. मी मदत करू का विचारलं तर म्हणे, "वेत भिजत घाल, तीच मदत."

विणकाम बघण्यासारखं असतं. खुर्ची आडवी करून मामा ती दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो, उजवा गुडघा आत वळवून, आणि वरून पार ओणवा होतो. आधी उभे धागे, मग आडवे, मग परत उभे, परत आडवे, शेवटी दोन तिरपे. भोकातून वेत सुटू नये म्हणून लाकडी खुंट्या ठोकतो. खुंट्या तोंडात. त्यामुळे कामात असताना मामाशी वाद घालता येतो आणि जिंकता येतो.

सध्या पियानोच्या मास्तरांची खुर्ची आहे. मास्तर रोज निरोप पाठवतात की ते उभ्याने वाजवताहेत आणि पाय दुखतात.

११ मार्च

निखळला. माझ्यासमोर.

मामा खुर्ची गुडघ्यांत धरून डावीकडची खुंटी घ्यायला वळला आणि आवाज आला. बाटलीचं ओलं बूच निघतं ना, तसा, पण जाड. मामाने तोंडातल्या खुंट्या एकेक करून काढल्या, वाटीत ठेवल्या आणि मग म्हणाला, "भिंगरे, निघालं गं." एवढ्या शांतपणे की मला आधी वाटलं खुर्चीचं काहीतरी निघालं. मग त्याचा चेहरा पाहिला. पाय आखूड झाला होता आणि पाऊल आत वळलं होतं, दुसऱ्याच माणसाचं असावं तसं.

हॉस्पिटलात भूल देऊन परत बसवला. डॉक्टरीणबाई बुटक्या आहेत, खाटेवर चढून गुडघ्यापाशी धरून ओढावं लागतं म्हणाल्या. मी म्हटलं, बघू का? नाही म्हणाल्या. दाराबाहेरून ‘टक्’ ऐकू आलं.

नंतर मी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी कागदावर चित्रच काढून दिलं. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. कंबरेच्या हाडात वाटी, मांडीच्या हाडाला चेंडू. चेंडू वाटीत फिरतो. पण पाय फार दुमडला आणि आत वळला की चेंडूखालची मान वाटीच्या काठाला टेकते, आणि मग तरफ लागून चेंडू मागून बाहेर.

"मग वाटी जरा वेगळी वळवून बसवायची," मी म्हटलं.

"तेवढंच तर अवघड असतं," त्या म्हणाल्या.

१४ मार्च

पळी आणि रबरी चेंडू घेऊन करून पाहिलं. चेंडूत पेन्सिल खुपसली, ती मांडी. पेन्सिल पळीच्या काठाला टेकली आणि जरा दाबली की चेंडू टुणकन पलंगाखाली. अगदी बाई म्हणाल्या तसंच! वीस वेळा केलं. पळी थोडी पुढे तिरपी धरली तर टिकतो. फार तिरपी धरली तर पुढून पडतो. मध्ये एक जागा आहे, बोटभर असेल-नसेल. भाजी करपली.

मामाने करपलेली भाजी खाल्ली आणि म्हणाला, "माझ्या खुब्यासोबत खेळून झालं असेल तर उद्या पळी घासून ठेव."

२९ मार्च

परत. तिसऱ्यांदा. ह्या वेळी स्टुलावर बसून नुसता पुढे ओणवा झाला होता.

मास्तरांच्या खुर्चीचे चार थर झालेत, तिरपे दोन राहिलेत. खुंट्या तशाच खोचलेल्या, वेत वाळून कडक झाला. ती खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. मामाने तिच्याकडे पाठ करून झोपायचं ठरवलेलं दिसतं.

मला म्हणाला, "आता बंद करावं झालं. खुर्च्यांना काय, लोक प्लास्टिकच्या घेतात." मामा असं बोलत नाही. मी त्याचे मोजे चढवत बसले. त्याला वाकून मोजे घालायची मनाई आहे. मोजे चढवताना आम्ही दोघंही दुसरीकडे बघतो.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटी पुन्हा बसवावी लागेल. ह्या वेळी यंत्राचा हात वापरू.

"रोबो?" मी जवळजवळ ओरडले.

मामा म्हणाला, "विचार त्याला वेत विणता येतो का."

मी नुसती मागेच लागले, तेव्हा बाईंनी यंत्रवाल्याला सांगून मला दाखवायला लावलं. तोंड-बिंड काही नाही त्याला. चाकांच्या पेटीवर सांध्यासांध्यांचा एक जाडजूड हात, वर दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि एक पडदा. मला वाटलं होतं, हा आपल्याआपण कापतो. तसं नाही! हात डॉक्टरच धरतात. आधी स्कॅन काढून पडद्यावर त्या माणसाची हाडं जशीच्या तशी उभी करतात, वाटी कुठे, किती कलती बसवायची ते ठरवतात. मग कामाच्या वेळी डॉक्टर ठरल्या जागेच्या बाहेर जायला लागले की हात थांबवतो.

यंत्रवाल्याने प्लास्टिकच्या हाडावर मला धरून बघायला दिलं. मी मुद्दाम बाहेर रेटलं. हात अडला. ढकलत नाही, हिसकत नाही, नुसता पुढे जाऊ देत नाही. समोर न दिसणारी भिंत. मी परत परत रेटून पाहिलं.

"तुमची बोटं दुखतील," यंत्रवाला म्हणाला.

"आणि तुम्हीच चुकीचं ठरवलं असेल तर?"

"तर तो चुकीच्या जागी अगदी अचूक बसवेल," तो म्हणाला. फार आवडलं मला हे.

येताना गल्लीत एक माणूस डोक्यावर आरसा घेऊन चालला होता, सगळं आभाळ त्यात. त्याच्या मागे मागे किती लांब गेले देव जाणे. मामाची औषधं उशिरा पोचली. बोलला नाही काही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

६ एप्रिल

हॉस्पिटलात मामाचे फोटो काढले. एक उभ्याने, एक बसून, बाजूने. बाईंनी समजावलं, ते लिहून ठेवते नाहीतर विसरेन. आपण बसतो तेव्हा कंबरेचं हाड मागे कलंडतं आणि वाटीचं तोंड पुढे उघडतं, मांडीला जागा मिळते. ज्यांचे कंबरेचे मणके आखडलेत त्यांचं हाड कलंडत नाही, तसंच राहतं, आणि चेंडूखालची मान काठाला धडकते. तेव्हा माणूस कसा बसतो हे कळल्याशिवाय वाटीचा कल ठरवता येत नाही.

फोटो म्हटल्यावर मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. सांगितलं, हाडांचा फोटो आहे, शर्ट दिसत नाही. तर म्हणे, "मला दिसतो ना."

फोटोच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं, "काका, नीट बसा हं." मामा असा बसला! छाती पुढे, हनुवटी वर, हात मांड्यांवर, शाळेच्या फोटोतल्या हेडमास्तरांसारखा. एवढा ताठ बसलेला मी त्याला जन्मात पाहिला नव्हता. मला अभिमानच वाटला.

ऑपरेशन एकवीसला.

१० एप्रिल

बोटीवरच्या स्वयंपाकीणकाकूंचं पत्र आलं. एक जुलैला मोठ्या फेरीवर बोट निघते, माझी जागा ठेवलीय, लवकर कळव. जुलै म्हणजे मामा तोवर ठणठणीत. पत्र उशीखाली ठेवलं.

मामाने विचारलं, "कुणाचं?"

"कांद्यांचं."

१४ एप्रिल



सकाळी खोली झाडायला खाट सरकवली. एक ठोकळा उलटला. तळाला मामाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: ‘स्टूल – पुढचा डावा’. बाकीचे तीनही उलटे केले. पुढचा उजवा. मागचा डावा. मागचा उजवा.

ह्या ठोकळ्यांवर मामाचं स्टूल उभं राहायचं. पहिल्या ऑपरेशननंतर, बुटकं बसायचं नाही म्हणून, त्यानेच कोरून घेतले असणार. शेजारणीने झाडताना स्टूल आणि ठोकळे वेगवेगळे रचले. आणि मी आल्या दिवशी ते खाटेखाली घातले. त्यानंतर मामा बुटक्या स्टुलावर बसला. त्यानंतर दोनदा निखळला.

ही वही मागे उलटून पाहिली. ‘कुणीतरी माझ्यासाठीच कोरून ठेवले असावेत.’ स्वतःच्या अक्षरात आहे, खोडताही येत नाही.

आणि आता आठवड्यात त्याला चिरणार आहेत. माझ्या खाटेपायी? तो पाच तारखेला उंबऱ्यात उभा होता. त्याने पाहिलं होतं.

१५ एप्रिल

मामाला काही न सांगता हॉस्पिटलात गेले. आधी बाईंना सांगावं, कारण मामा ‘असू दे’ म्हणेल आणि असू देऊन चालणार नाही.

ठोकळा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ऑपरेशन थांबवा, माझी चूक आहे, खुब्याची नाही.

बाईंनी ठोकळा फिरवून पाहिला. "जानेवारीत पहिल्यांदा निखळला, तेव्हा हे स्टुलाखाली होते?"

"असणारच."

"म्हणजे ठोकळे असतानाही निखळला. तुझ्यामुळे लवकर लवकर निखळला असेल, हे खरं. पण वाटी मुळातच त्यांना पुरत नाही."

मला रडू आलं, बरं वाटल्याचं की वाईट वाटल्याचं ते कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "बसतात तरी कसे ते?"

मी दाखवलं. शेजारचं पाय ठेवायचं बुटकं स्टूल घेतलं, कचऱ्याची टोपली गुडघ्यांत धरली, उजवा गुडघा आत, पाठ वाकवून नाक टोपलीत. डावीकडे वळून खुंटी घेतली. तोंडात पेनं धरली होती, तेवढं जास्त झालं.

बाईंनी यंत्रवाल्याला हाक मारली. तो दारात आला आणि माझ्याकडे बघत राहिला. बाईंनी पडद्यावर मामाचा बसलेला फोटो लावला. हाडं सगळी ताठ, हेडमास्तर.

"काका घरी असे बसतात?"

"असे ते फक्त फोटोला बसतात," मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग यंत्रवाला म्हणाला, "आपण ह्या माणसासाठी वाटी बसवणार होतो."

१६ एप्रिल

मामाला सांगितलं. चारी ठोकळे त्याच्यापुढे ओळीने ठेवले.

"तुला माहीत होतं."

"माझ्याच हाताने कोरलेत."

"मग बोलला का नाहीस? तोंडात खुंट्या होत्या का?"

मामा ठोकळ्याच्या खळग्यात अंगठा फिरवत होता. "खाट हलत नव्हती ना?"

"नाही."

"मग झालं."

"झालं काय, मामा! तुझा पाय निघाला दोनदा!"

"दुसरे कोरणार होतो. राहून गेलं. तू ते खुंट्यांना कपडे-बिपडे लावलेस, पिशवी रिकामी दिसली. म्हटलं, आता लगेच काय उचकटायचं."

 असल्या कारणासाठी माणूस पाय निखळवून घेतो का? शेवटी भांडण अर्धवट टाकून वेत उन्हात घातला.

१७ एप्रिल

आजची वरात लिहिलीच पाहिजे. पुढे मामा काठीवर, मागे मी. एका खांद्यावर स्टूल, दुसऱ्यावर मास्तरांची अर्धी खुर्ची, खुंट्यांसकट. बसमध्ये एका बाईने मला जागा दिली तर म्हटलं, आहे माझ्याकडे.

फोटोच्या खोलीत आतली मुलगी म्हणाली, "काका, खुर्ची बाहेर ठेवा." बाई म्हणाल्या, "नाही, खुर्चीच हवी." मी दोन्ही हातांनी मामाला धरून राहिले, मलाही किरणांपासून वाचवणारा जड शिशाचा अंगरखा घातला होता, आणि बाईंनी स्वतः मामाचा गुडघा हाताने आधार देऊन, जिथवर धोक्याविना जाईल तिथवर, आत वळवला.

"नीट बसू नका हं, काका," बाई म्हणाल्या.

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं सांगितलं," मामा म्हणाला.

मग यंत्रवाल्याने पडद्यावर मामाची मांडी तशीच दुमडली, तशीच आत वळवली. पडद्यावरचं हाड फिरत गेलं, फिरत गेलं, आणि वाटीच्या काठावर एक लाल ठिपका उमटला. माझ्या पळीचा काठ! तोच! मी बोट लावून दाखवलं तर पडद्यावर ठसा उठला, पुसून घेतला. आधीच्या योजनेतली वाटी ठेवली तरी लाल. मग तो एकेक अंश कल बदलत गेला. लाल, लाल, फिकट, लाल पण पुढच्या बाजूला, परत मागे. आम्ही चौघं श्वास रोखून एका ठिपक्याकडे बघत होतो. एका ठिकाणी तो विझला.

"बोटभर जागा आहे," मी म्हणाले.

"बोटभर कुठली, तीन अंश," यंत्रवाला म्हणाला. "आणि चेंडूही दुसरा घालू, मोठा, चेंडूत चेंडू फिरणारा. तो इतक्यात उडी मारत नाही."

बाईंनी मामाला स्पष्ट सांगितलं. जुनी वाटी काढताना हाड तुटू शकतं, जंतू लागू शकतात, आणि एवढं करूनही पुन्हा निखळणारच नाही अशी हमी कुणी देत नाही. मामाने विचारलं, "खुर्ची गुडघ्यांत धरता येईल?" त्या म्हणाल्या, "ठोकळ्यांवर बसून, तीन महिन्यांनी, बहुतेक." मामाने ‘बहुतेक’वर सही केली.

२१ एप्रिल

आठपासून बसून आहे. इथल्या बाकांची बैठक पत्र्याची, भोकाभोकांची. भोकं मोजली, एका बाकाला दोनशे सोळा. ह्यात वेत ओवता येईल.

बाहेर एकदाही भटकले नाही. समोर बांधकामाची उंच क्रेन आहे, एरवी मी तिच्या पायथ्याशी असते.

सव्वाबारा. बाई आल्या. झालं. जुनी वाटी हट्टाने चिकटली होती, पण हाड शाबूत आहे. यंत्रवाला मागून आला, कपाळावर टोपीचा वळ. म्हणाला, हाताने बाईंना दोनदा अडवलं, दोन्ही वेळा केसभराने. आणि शिवायच्या आधी बाईंनी मामाचा पाय दुमडला, आत वळवला, वरून दाबला. ऑपरेशनच्या खोलीत सगळे ह्या दुमडून बघण्याला आता ‘खुर्ची’ म्हणतात. "खुर्ची केली, टिकली," तो म्हणाला.

मामा शुद्धीवर येताना पहिलं काय म्हणाला असेल? "मास्तर बसले का?"

२ मे

घरी. मामा चालतोय. मोजे मीच चढवते, पण आता तो मोज्यांच्या भोकांवरून माझी टर उडवतो, म्हणजे बघतो.

मी खाटेखालचे ठोकळे काढायला गेले तर म्हणाला, "ते राहू देत. लाकूड आण, नवे कोर." पटाशी धरायला शिकवली. पहिला खळगा म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखा. मामा म्हणाला, "रोबोला बोलव."

२० जून

तपासणी. फोटोत वाटी ठरल्या जागी आहे. कागदावर लिहिलंय: सोबतीच्या माणसाची आता गरज नाही. तपासून बाहेर आल्यावर मामाने विचारलं, "काय लिहिलंय?" चष्मा त्याच्या खिशातच होता.

"लिहिलंय की वाकू नका."

"अजून किती दिवस?"

"बरेच," मी म्हणाले.

मामाने मान डोलावली आणि कागद न वाचताच घडी करून खिशात घातला.

२२ जुलै

परवानगीचा दिवस. सकाळीच वेत भिजत घातला. माझे चार ठोकळे मांडले, त्यांच्या तळाला मीच लिहिलंय, पुढचा डावा, पुढचा उजवा, सगळं. वर स्टूल ठेवलं, हलवून पाहिलं. हलत नाही.

मामा बसला. मास्तरांची खुर्ची भिंतीपासून आणली, धूळ झटकली. त्याने ती गुडघ्यांत धरली. उजवा गुडघा सावकाश आत वळला.  पडद्यावरचा तो ठिपका माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि मी आपली बघत होते की पेटतो का.

खुंट्यांची वाटी त्याने सवयीने डावीकडेच ठेवली होती. उजवीकडे ठेव म्हणणार होते. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि डावीकडे वळला.

आम्ही दोघंही ऐकत होतो. ओला वेत भोकातून जाताना करकरला. बास, तेवढंच.

मामाने तिरपा धागा ओढला, खुंटी ठोकली, दुसरी तोंडात धरली आणि हनुवटीने समोरच्या जमिनीकडे खूण केली. खुर्चीची दुसरी बाजू मी धरायची होती. बसले. तो एक तिरपा घालतो, मी उलटा तिरपा घालते, माझे तीन उसवून परत घालायला लावले. संध्याकाळपर्यंत झाली. मास्तर स्वतः न्यायला आले आणि आमच्यासमोर तिच्यावर बसून नुसतेच हसत राहिले.

काकूंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं की. बोट आता कुठे असेल कोण जाणे.

उद्या शेजारणीच्या दोन खुर्च्या. वेत आतापासूनच भिजत घालायला हवा.